३ ऑक्टोबर: जर्मनी आपले एकीकरण कसे साजरे करते

सभ्य स्त्री-पुरुषहो,

जर्मनीच्या एकीकरणाचे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर बर्लिनची भिंत आणि तिच्यावर चढलेली माणसे येतात. ती रात्र ९ नोव्हेंबर १९८९ ची होती. तरीही जर्मन लोक आपला राष्ट्रीय दिन साजरा करतात तो ३ ऑक्टोबरला, आणि १९९० सालच्या त्या दिवशी कोणतीही भिंत पडली नव्हती. त्या दिवशी एका करारानुसार पूर्व जर्मनीचे पश्चिम जर्मनीतले विलीनीकरण अमलात आले. सणासाठी अशी कागदोपत्री तारीख का निवडली गेली आणि त्या निवडीचा परिणाम काय झाला, याविषयी आज मला बोलायचे आहे.

९ नोव्हेंबर ही तारीख जर्मन इतिहासात फार जड आहे. १९१८ मध्ये याच दिवशी बर्लिनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि १९२३ मध्ये याच दिवशी हिटलरचा म्युनिकमधला उठाव मोडून काढला गेला. पण १९३८ च्या ९ नोव्हेंबरच्या रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, त्यांची दुकाने फोडली गेली आणि हजारो ज्यूंची रवानगी छळछावण्यांत झाली. अशा तारखेला आतषबाजी करायची नाही, हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो.

एकीकरणाआधी दोन्ही जर्मनींचे राष्ट्रीय दिन वेगवेगळे होते. पूर्व जर्मनी ७ ऑक्टोबरला आपला १९४९ चा स्थापनादिन साजरा करी. पश्चिम जर्मनीत १७ जूनला सुटी असे, कारण १९५३ मध्ये त्या सुमारास पूर्व बर्लिनच्या बांधकाम मजुरांनी वाढीव कामाच्या सक्तीविरुद्ध संप पुकारला होता. तो पाहता पाहता देशभर पसरला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. उठाव पूर्वेच्या कामगारांनी केला आणि त्याची सुटी पश्चिमेच्या लोकांना मिळाली, ही विसंगती मनाला लागते.

३ ऑक्टोबर ही तारीख ठरली ती पूर्व जर्मनीच्या संसदेत. १८ मार्च १९९० रोजी तिथे पहिल्यांदा मुक्त निवडणूक झाली आणि लोथार द मेझियेर पंतप्रधान झाले. त्या संसदेने २३ ऑगस्टच्या पहाटे २९४ विरुद्ध ६२ मतांनी पश्चिम जर्मनीत सामील होण्याचा ठराव संमत केला. तारखेमागे व्यावहारिक गणित होते. १२ सप्टेंबरला मॉस्कोमध्ये दोन जर्मनी आणि दुसऱ्या महायुद्धातली चार विजेती राष्ट्रे यांच्यामधला करार व्हायचा होता, त्याची माहिती ऑक्टोबरच्या आरंभी युरोपातल्या इतर परराष्ट्रमंत्र्यांना द्यायची होती, आणि ७ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीचा आणखी एक वर्धापनदिन येऊ द्यायचा नव्हता. मतमोजणी झाल्यावर जुन्या सत्ताधारी साम्यवादी पक्षाच्या वारसदार पक्षाचे नेते ग्रेगोर गिझी यांनी उठून सांगितले की या सभागृहाने आत्ता आपल्या देशाच्याच अंताचा निर्णय घेतला आहे. त्यांनी हे खेदाने म्हटले होते. सभागृहात मात्र त्यावर आनंदाने टाळ्या पडल्या.

या प्रसंगापाशी मी थोडा थांबतो, कारण पुढच्या साऱ्या गुंतागुंतीचे मूळ इथे आहे. पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेत एकीकरणाचे दोन मार्ग होते: दोघांनी मिळून नवी घटना लिहायची, किंवा कलम २३ नुसार नव्या प्रदेशांनी जुन्या घटनेखाली यायचे. दुसरा मार्ग जलद होता, म्हणून तो घेतला गेला. परिणाम असा की पूर्वेच्या सुमारे १ कोटी ६० लाख लोकांचे कायदे, नोकऱ्या, शाळा, विमा, सारेच बदलले आणि पश्चिमेच्या माणसाचे दैनंदिन आयुष्य जवळजवळ जसेच्या तसे राहिले. १ जुलैला पश्चिमेचे मार्क हे चलन पूर्वेत आले तेव्हा पगार एकास एक दराने बदलून मिळाले. लोकांना ते हवेच होते. पण तिथल्या कारखान्यांना आता त्याच महाग चलनात पगार द्यायचे होते, आणि त्यांचे पूर्व युरोपातले गिऱ्हाईक तुटले. सुमारे साडेआठ हजार सरकारी उद्योग ‘ट्रॉयहांड’ या संस्थेकडे विक्रीसाठी सोपवले गेले. त्यांत सुमारे ४० लाख लोक कामाला होते. १९९४ च्या अखेरीस ती संस्था बंद झाली तोवर बहुतेक कारखाने विकले गेले होते किंवा त्यांना टाळे लागले होते. ज्या घरात आई आणि वडील दोघांचीही नोकरी गेली, त्या घरात ३ ऑक्टोबर कसा साजरा होणार, याचा विचार आपण बाहेरच्यांनी अवश्य करावा.

सणाचे स्वरूप मात्र मला मनापासून आवडते. ही सुटी एकीकरणाच्या करारातच लिहिलेली आहे आणि केंद्राच्या अधिकाराने ठरलेली ती एकमेव सुटी आहे. बाकीच्या सुट्या राज्ये ठरवतात. मुख्य सोहळा दरवर्षी बर्लिनमध्ये होत नाही. राज्यांच्या वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्षपद ज्या राज्याकडे असेल, त्याच्या एखाद्या शहरात तो होतो: २०२३ मध्ये हँबुर्ग, २०२४ मध्ये श्वेरीन, २०२५ मध्ये सारब्रुकेन. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, मग भाषणे, आणि रस्त्यावर जत्रा, जिथे सोळाही राज्ये आपापले मंडप थाटून खाद्यपदार्थ आणि गाणी घेऊन येतात. लष्करी संचलन नसते. १९९७ पासून याच दिवशी देशभरातल्या अनेक मशिदी सर्वांसाठी दारे उघडी ठेवतात. जर्मन एकतेत आपणही आहोत, हे तिथल्या मुस्लिमांनी त्यासाठी हाच दिवस निवडून सांगितले. २००४ मध्ये सरकारने काटकसरीपोटी ही सुटी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी न्यायचे ठरवले, तेव्हा इतका विरोध झाला की काही दिवसांतच तो बेत सोडावा लागला.

या सोहळ्यात एक उणीव मला जाणवते. ज्यांच्यामुळे हे सारे घडले, ती माणसे या तारखेत दिसत नाहीत. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगच्या रस्त्यांवर लोकशाहीच्या मागणीसाठी सुमारे ७० हजार लोक उतरले, तेव्हा गोळीबार होणार नाही याची कोणालाही खात्री नव्हती. त्या शहरात दरवर्षी त्या तारखेला दिवे लावून ती संध्याकाळ आठवतात, पण राष्ट्रीय सुटी मिळाली ती कराराला.

२०२१ मध्ये हाले शहरात अँगेला मर्केल यांनी चॅन्सेलर म्हणून या दिवसाचे आपले शेवटचे भाषण केले. भिंत पडली तेव्हा त्या ३५ वर्षांच्या होत्या. आपल्याच पक्षाच्या जवळच्या एका संस्थेच्या पुस्तकात त्यांचे पूर्व जर्मनीतले आयुष्य म्हणजे अंगावरचे ओझे असल्यासारखे लिहिले गेले होते, ते त्यांनी सर्वांसमोर बोलून दाखवले. सोळा वर्षे देश चालवलेल्या बाईंनाही हे ऐकावे लागत असेल, तर पूर्वेतल्या लाउझित्झ या कोळसा खाणींच्या प्रदेशातल्या एखाद्या खाणकामगाराला काय काय ऐकावे लागले असेल! त्याच हालेमध्ये आता एकीकरण आणि युरोपातील स्थित्यंतर यांचा अभ्यास करणारे एक मोठे केंद्र उभारायचे ठरले आहे. तिथे कराराच्या प्रतीइतकीच जागा बंद पडलेल्या कारखान्यांच्या हजेरीपटांनाही मिळावी, अशी माझी इच्छा आहे.