नऊ डिसेंबरचं पान

[दृश्य : टेबलावर जुनी डायरी. कडा झिजलेल्या, पानं पिवळी.]

ही १९७१ सालची डायरी माझी आहे. अण्णांना कचेरीतून मिळाली होती, ती त्यांनी मला दिली. मी नववीत होते. गिरगावातली चाळ, दोन खोल्या, पाच माणसं. जानेवारीत रोज पानभर लिहिलंय, पावसाळ्यात पानंच्या पानं कोरी. डिसेंबर लागला आणि अक्षर पुन्हा दाट झालं.

२ डिसेंबर, गुरुवार. 'चौपाटीवर गेलो. भेळ खाल्ली. समुद्र शांत होता.'

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. मध्यरात्रीनंतर इंदिरा गांधी आकाशवाणीवरून बोलल्या. ते ऐकायला अण्णांनी आम्हाला झोपेतून उठवलं होतं. हे मला डायरीशिवायही आठवतं.

[दृश्य : चाळीची गॅलरी, बंद खिडक्या.]

मग ब्लॅकआउट. आईने कणकेची खळ शिजवली, आम्ही भावंडांनी काचांना काळे कागद चिकटवले. मोटारींच्या दिव्यांना वरून काळा रंग फासलेला. एखाद्या फटीतून जरा उजेड दिसला की खालून हाक यायची, 'ए, लाइट बंद करा!' दत्तजयंती नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे सगळी चाळ चांदण्यात लख्ख. ४ तारखेला मी लिहिलंय, 'अण्णा म्हणाले, चंद्राला कोण कागद लावणार?'

पुढची पानं भोंग्यांची आहेत. भोंगा वाजला, जिन्याखाली जाऊन बसलो, 'ऑल क्लिअर' झाला, वर आलो. आम्ही सगळे आभाळाकडे बघत होतो. विमानं येतील, ती वरूनच येतील. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आणि हे पान.

[दृश्य : ९ डिसेंबरचं पान, जवळून.]

९ डिसेंबर, गुरुवार. 'आमटीत मीठ जास्त पडलं. आई म्हणते, अंधारात अंदाज चुकला. आज भोंगा नाही. लवकर झोपलो.'

एवढंच.

डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत, मी भेळ खात होते त्याच सुमारास, 'हंगोर' ही पाकिस्तानी पाणबुडी मुंबईसमोरच्या समुद्रात पाण्याखाली होती. पुढे ती सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे असल्याचा सुगावा लागला आणि तिच्या शोधात ८ डिसेंबरला 'आयएनएस खुकरी' आणि 'आयएनएस किरपाण' मुंबईहून निघाल्या. आमच्याच बंदरातून. त्याच रात्री आपल्या 'विनाश' या क्षेपणास्त्र नौकेने कराचीचे तेलसाठे पेटवले, आणि ती बातमी माझ्या डायरीत तीन उद्गारचिन्हांसह आहे.

९ तारखेला रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवजवळ, हंगोरचा टॉर्पेडो खुकरीवर आदळला. चंद्र अजून उगवायचा होता. जहाज काही मिनिटांत बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं आणि स्वतः जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

पावणेनऊ. आमच्या घरी तेव्हा पानं वाढली जात होती.

बातमी नंतर वर्तमानपत्रातून आमच्या घरात आली असणारच. मी पुढची पानं दोनदा, तीनदा चाळली. खुकरीचं नाव कुठेच नाही. मी चौदा वर्षांची होते, मला कोणी दोष देणार नाही, हे कळतं. तरी ते खुपतं. १९४ माणसं, आणि माझ्या वहीत त्यांच्यासाठी अर्धी ओळही नाही.

[दृश्य : दीव. खुकरीचं स्मारक, काचेच्या आत जहाजाची प्रतिकृती.]

म्हणून ही डायरी घेऊन मी दीवला आले. इथे समुद्रासमोर, काचेच्या आत, लहानशी खुकरी उभी आहे. काचेवर माझंही प्रतिबिंब पडतं. दिवसभर इथेच बसून राहिले. रात्री पावणेनऊला किनाऱ्यावरून बघितलं, तर लांबवर मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे होते.

[दृश्य : डायरीची शेवटची पानं.]

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. चाळीत पेढे वाटले. १७ तारखेला पश्चिमेकडेही युद्ध थांबलं. काचांवरचे कागद आम्ही पाणी मारून खरवडले, खळीचे डाग मात्र कोपऱ्यांत राहिले.

१८ डिसेंबर, शनिवार. 'चौपाटीवर गेलो. खूप गर्दी. समुद्र शांत होता.'