गोळीने मिळालेले चार तास

नमस्कार श्रोतेहो.

निफाड-पिंपळगावकडे द्राक्षांची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, उरकली की मान आणि खांदे धरून येणाऱ्या बायकांची माझ्याकडे रांग लागते. मी फिजिओथेरपिस्ट. द्राक्षबागेत काय चाललंय ते मला या रांगेवरून कळतं. घडातले मणी कमी करायची विरळणी असो की घड औषधाच्या पाण्यात बुडवायचं डिपिंग, सगळं मांडवाखाली, हात वर करून. पाच मिनिटं तसे हात धरून बघा.

गेल्या हंगामात एका मावशींनी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर मांडली. म्हणाल्या, "ताई, गोळी घेतली की चार तास बरं वाटतं. मग परत तेच."

"त्या चार तासांत काय करता?"

"काय म्हणजे? राहिलेलं सगळं काम उरकून घेते!"

दुखण्याचं खरं घोडं इथेच पेंड खातं.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. त्यात पुष्कळदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था हळवी झालेली असते. साध्या ताणानेही ती बोंब ठोकते. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं, की वेदनेचा निरोप मेंदूकडे किती सोडायचा हे मज्जारज्जूतल्या एका दारावर ठरतं. तपशील पुढे बदलले, मुख्य कल्पना टिकली. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो, तेव्हा हेच दार लोटत असतो. मालिश आणि त्वचेवरून सौम्य वीज सोडणारं टेन्सचं यंत्र यांचा आरामही त्याच वाटेचा. उलट अपुरी झोप, काळजी, घरातली धुसफूस यांनी ते सताड उघडं राहतं. म्हणून मी झोपेचं विचारते, तेव्हा "अहो, खांदा दुखतोय, झोपेचं काय!" म्हणू नका.

मावशींना म्हटलं, बरं वाटेल त्या दिवशीही ठरलेलंच काम करा. एका दिवसात सगळं ओढलं की पुढचे तीन दिवस अंथरूण. त्यांना पटेना. टोळीचं काम एकरावर; आपण हात खाली घेतले तर बाकीच्या काय म्हणतील? प्रश्न रास्त होता. शेवटी ठरलं, वीस मिनिटांनी दोन मिनिटं हात खाली, खांदे गोल फिरवायचे, सावकाश पाच श्वास. आणि गोळीचा अंमल असताना घरकाम नाही, आधी व्यायाम: भिंतीवर बोटं चढवत हात वर नेणं, दहा वेळा.

गोळ्या मनाने बंद करू नका, मनाने वाढवूही नका. रोजच्या वेदनाशामकांनी पोटात जखम होऊ शकते, मूत्रपिंडालाही त्रास होतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हळदीची कॅप्सूलसुद्धा डॉक्टरांना विचारून. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर गरम पाण्याची पिशवी नको, भाजलेलं कळत नाही. कुणी बिननावाची पुडी देऊन दोन दिवसांत गुण दाखवला तर जास्तच सावध व्हा. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे. हातापायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप किंवा वजनात घट दिसली, तर व्यायाम बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे.

मावशी परवा आल्या होत्या. दुखतं का विचारलं. "दुखतंय की," म्हणाल्या. पण डॉक्टरांनी गोळ्या निम्म्यावर आणल्यात, आणि वीस मिनिटं झाली की आता टोळीतल्या आणखी दोघी त्यांच्याबरोबर हात खाली घेतात.

नमस्कार.