दिल्ली दरवाज्याचे चार हजार आठशे टाके

मंडळी, विषय पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा, चित्रातले रंग मजकुराच्या फाइलीत कसे लिहायचे याचा असला, तरी सुरुवात दोसुतीपासून, म्हणजे भरतकामाच्या चौकटीदार कापडापासून करतो. माझ्या मावशीला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा फुलीच्या टाक्यात भरायचा होता, तोही हत्तींना अडवणाऱ्या त्या अणकुचीदार खिळ्यांसकट. मला म्हणाली, "कुठल्या घरात कुठला रंग, एवढं लिहून दे. तुमचा कॉम्प्युटर करेल ना?"

करतो की! चित्राचा एक ठिपका, पिक्सेल, म्हणजे दोसुतीचं एक घर. त्यात तीन आकडे, लाल, हिरवा, निळा, प्रत्येक 0 ते 255. पायथॉनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीने फोटो उघडायचा, नमपाय या आकड्यांच्या लायब्ररीच्या अ‍ॅरेत, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात घ्यायचा, नमपायच्याच सेव्हटेक्स्ट या आज्ञेने फाइलीत ओतायचा. पण मोबाइलचा फोटो 4000 बाय 3000, म्हणजे 1 कोटी 20 लाख घरं. एका ओळीत एक घर लिहिलं तर फाइल शंभर एमबीच्या पुढे सहज जाते. म्हणून आधी 80 बाय 60 केला. 4800 टाके, मावशीच्या दिवाळीपर्यंत झेपतील इतके.

सेव्हटेक्स्टने पहिल्याच फटक्याला नकार दिला. त्याला एक किंवा दोन मितींचाच अ‍ॅरे चालतो आणि चित्राला असतात तीन: उंची, रुंदी आणि रंग. तक्त्याची मांडणी बदलणाऱ्या रीशेपला उणे एक (ओळी किती ते तूच मोज) आणि तीन (एका ओळीत तीन आकडे) सांगून सगळी घरं एका रांगेत आणली. मग 255 च्या जागी 2.55, पुढे सोळा शून्यं आणि शेपटीला ई अधिक शून्य दोन, म्हणजे गुणिले शंभर! फॉरमॅटमध्ये टक्का-डी, म्हणजे पूर्णांकच लिही, असं सांगितल्यावर आकडे माणसात आले.

आता खरी अडचण. तुळशीबागेतून आणलेल्या लडी बारा आणि फाइलीत रंग शेकड्यांनी. पिलोचं रंग कमी करणारं क्वांटाइझ वापरून बारावर आणले, फाइल छापली, तर प्रत्येक घरात एकच आकडा, शून्य ते अकरा. मावशी म्हणाली, "हे रंग आहेत की पाढे?" चूक माझीच. क्वांटाइझ केलेल्या चित्रात रंग नसतो, रंगपेटीतला क्रमांक असतो. लिहिण्याआधी ते परत आरजीबीत, म्हणजे लाल-हिरवा-निळा या तीन आकड्यांत न्यावं लागतं.

आणखी एक जागा जपा. पिलो आकार सांगताना रुंदी आधी सांगतो, नमपाय उंची आधी. यादीत तर दोन्ही पुसलेली असतात. 4800 ओळींकडे बघून चित्र 80 रुंद की 60 रुंद, कोणी सांगावं? मी 60 धरून पुन्हा मांडलं, तर दरवाज्याच्या चिंध्या झाल्या. तेव्हापासून मी फाइलीच्या डोक्यावर तीन ओळी लिहितो: पी3 ही या प्रकारच्या फाइलीची खूण, मग 80 60 ही रुंदी-उंची, मग 255 हा सगळ्यात मोठा आकडा. फाइलीचं आडनाव टीएक्सटीऐवजी पीपीएम ठेवायचं. ही मजकुराचीच फाइल, नोटपॅडमध्ये वाचता येते, आणि गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये चित्र म्हणूनही उघडते.

तशी उघडून मावशीला दाखवली. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "खिळे कुठे गेले रे?"

खिळे मी पहिल्याच पायरीला, 80 बाय 60 करताना, घालवून बसलो होतो.