पहिल्या पानावर कोण?

[दृश्य : रिकामी शोधपेटी. अक्षरं एकेक उमटतात. निकालांची यादी.]

प्रश्न टाइप झाला, एंटर दाबलं आणि पापणी लवायच्या आत यादी समोर आली. यातलं वरचं नाव वर का आणि खालचं खाली का, याभोवतीच सर्च इंजिन ऑप्टिमायझेशनचा, म्हणजे एसईओचा सगळा व्यवसाय उभा आहे. क्रॉलिंग, इंडेक्सिंग, बॅकलिंक, सीटीआर हे या व्यवसायातले रोजचे शब्द. नवी वेबसाइट काढणाऱ्याला ते भराभर ऐकवले जातात आणि पाठोपाठ भलंमोठं बिल हातात येतं. शब्दांचा अर्थ माहीत असला, तर बिलातली कुठली ओळ खरी ते त्याचं त्यालाच तपासता येतं. म्हणून ही फिल्म.

[दृश्य : सर्व्हरची खोली. केबलचे जुडगे, लुकलुकणारे दिवे.]

आपण शोध घेतो तेव्हा यंत्र इंटरनेटवर धावत सुटतं, असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. आपला प्रश्न येण्याच्या कितीतरी आधी क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम पानं वाचून गेलेला असतो. त्यालाच बॉट किंवा स्पायडर म्हणतात. गूगलचा तो गूगलबॉट. एका पानावर यायचं, तिथल्या लिंक टिपायच्या, त्या धरून पुढच्या पानांवर जायचं, हे त्याचं अखंड चालणारं काम म्हणजे क्रॉलिंग. ज्या पानाकडे कुठूनच लिंक येत नाही, ते त्याच्या वाटेवर सहसा येत नाही. अशा पानाला ऑर्फन पेज म्हणतात. त्यावर उपाय साइटमॅपचा : आपल्या साइटवरच्या सगळ्या पानांचे पत्ते एका फाइलमध्ये मांडून ठेवायचे. गूगलने ही सोय २००५ मध्ये आणली आणि पुढच्या वर्षी याहू व मायक्रोसॉफ्टनेही तोच नमुना मान्य केला.

[दृश्य : काळ्या पडद्यावर रोबॉट्स डॉट टीएक्सटी फाइल उघडते. कॅमेरा एका ओळीवर स्थिरावतो.]

या छोट्या फाइलकडे नीट पाहा. १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी सुचवलेला हा संकेत आहे. कुठल्या भागात बॉटने येऊ नये, एवढंच यात लिहिलेलं असतं. ही विनंती आहे, कुलूप नव्हे. शहाणे बॉट ती पाळतात, उपद्रवी पाळत नाहीत. २८ वर्षं ती केवळ रीत म्हणून चालली आणि २०२२ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत मानकांच्या मालिकेत आली. एक गल्लत मात्र सर्रास होते. इथे मनाई केली म्हणून पान निकालांतून गायब होईलच असं नाही. दुसऱ्या साइटवरून त्याकडे लिंक असेल तर नुसता पत्ता यादीत दिसू शकतो. पान दिसूच नये असं वाटत असेल तर त्याच पानात नोइंडेक्सची खूण हवी, आणि ती वाचण्यासाठी बॉटला आत येऊ द्यायला हवं.

वाचलेलं पान जिथे नोंदलं जातं तो इंडेक्स. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच याची मांडणी : आधी शब्द, आणि त्यापुढे तो शब्द कुठकुठल्या पानांवर आहे त्याची नोंद. आपला प्रश्न या सूचीत शोधला जातो. तुमचं पान इंडेक्समध्येच नसेल, तर रँकिंगची चर्चा सुरूच होऊ शकत नाही.

[दृश्य : नव्वदच्या दशकातल्या धाटणीचं पान. माऊस ओढताच मोकळ्या पांढऱ्या जागेत शब्दांच्या रांगा निळ्या होतात.]

हे दृश्य आम्ही मुद्दाम पुन्हा तयार करून चित्रित केलं. तेव्हाची सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघत. मग लोकांनी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एकच कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात तो शब्द, शेकडो वेळा लिहायला सुरुवात केली. वाचणाऱ्याला काही दिसायचं नाही, यंत्राला सगळं दिसायचं. याचं नाव कीवर्ड स्टफिंग. नियम धाब्यावर बसवून क्रमांक मिळवण्याच्या अशा युक्त्यांना ब्लॅक हॅट म्हणतात आणि सरळ मार्गाला व्हाइट हॅट.

[दृश्य : पांढरा फळा. मार्करने वर्तुळं, त्यांना जोडणारे बाण. एक वर्तुळ हळूहळू मोठं होत जातं.]

आता फळ्याकडे बघा. सगळ्याचं मर्म इथे आहे. १९९६ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन संशोधक विद्यार्थी बॅकरब नावाच्या, पुढे गूगल झालेल्या सर्च इंजिनवर काम करत होते. पान स्वतःबद्दल काय सांगतं यापेक्षा इतर पानं त्याच्याकडे किती बोटं दाखवतात, हे मोजावं, असं त्यांनी धरलं. दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. पण नुसती संख्या मोजून भागणार नव्हतं. ज्या पानाला स्वतःला वजन आहे, त्याने दिलेली लिंक जड. आणि त्याने दहा ठिकाणी लिंक दिल्या तर ते वजन दहा जणांत वाटलं जातं.

हे वजन काढायला त्यांनी एक काल्पनिक वाचक उभा केला. तो डोळे झाकून लिंकवर क्लिक करत जातो आणि मधूनच कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. १९९८ च्या त्यांच्या निबंधात लिंक धरून पुढे जाण्याची शक्यता साधारण ०.८५ धरली आहे. असा वाचक अखंड भटकत राहिला, तर ज्या पानावर तो जास्त वेळा सापडेल त्या पानाचं पेजरँक जास्त. फळ्यावरचं ते वर्तुळ वाढलं ते याच हिशोबाने. इतक्या साध्या कल्पनेतून एवढी ताकद उभी राहिली, याचं आम्हाला आजही अप्रूप वाटतं. कुणीतरी दुसऱ्याचं लिखाण वाचलं, त्याला ते आवडलं, त्याने आपणहून वाट दाखवली. गणित या विश्वासाचं होतं.

[दृश्य : लिंकवरचे अधोरेखित शब्द मोठे होतात.]

लिंकवर जे शब्द लिहिलेले असतात तो अँकर टेक्स्ट, आणि त्यालाही वजन असतं. २००३ मध्ये अनेकांनी मिळून ‘दारुण अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बुश यांच्या अधिकृत परिचयाची लिंक दिली. त्या पानावर ते शब्द नसतानाही गूगलवर ते शोधलं की पहिलं तेच पान येई. यावर तोडगा निघायला २००७ चा जानेवारी उजाडला.

मग लिंकचा बाजार भरला. विकत घेतलेल्या लिंक, एकमेकांना लिंक देण्यासाठीच उभारलेल्या साइट्स, म्हणजे लिंक फार्म. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून नोफॉलोची खूण स्वीकारली : ही लिंक माझी शिफारस म्हणून धरू नका, असं सांगणारी. २०११ मध्ये उथळ मजकुरावर पांडा आणि २०१२ मध्ये बनावट लिंकवर पेंग्विन हे गूगलच्या क्रम लावण्याच्या पद्धतीतले बदल आले. अनेक साइट्सवरची वर्दळ आटली, काहींचे धंदे बसले.

[दृश्य : पानाचा सोर्स कोड. तीन ओळी उजळतात.]

पहिली ओळ टायटल टॅग. निकालांत जो मथळा दिसतो तो बहुधा इथून येतो, त्यामुळे तो जीव ओतून लिहावा. दुसरी मेटा डिस्क्रिप्शन. तिने क्रमांक वाढत नाही, पण वाचणारा क्लिक करेल की नाही यावर परिणाम होतो. तिसरी मेटा कीवर्ड्स. वेब शोधाचा क्रम लावताना आपण ती बघतच नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर सांगितलं आहे. गूगलमध्ये वर आणण्यासाठी म्हणून कुणी ती भरून देण्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

[दृश्य : पुन्हा निकालांचं पान. ‘प्रायोजित’ या छोट्या शब्दावर झूम.]

या पानावर दोन जाती आहेत. एक ऑरगॅनिक, जिथली जागा पैसे देऊन मिळत नाही. दुसरी पेड, म्हणजे जाहिरात. दोन्ही दिसायला इतक्या सारख्या की फरक या एका शब्दापुरता उरतो. पूर्वी जाहिरातीच्या मागे फिकट रंगाची पट्टी असे, पुढे ती गेली. जाहिरात स्पष्ट ओळखू यावी, असं पत्र अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सर्च कंपन्यांना २००२ मध्ये पाठवलं आणि २०१३ मध्ये पुन्हा पाठवलं. आमच्या मते हा शब्द मथळ्याइतक्याच मोठ्या अक्षरांत असायला हवा.

जाहिरात एकदा दिसली की एक इम्प्रेशन. १,००० वेळा दिसून ३० क्लिक आले तर क्लिक-थ्रू रेट, म्हणजे सीटीआर, ३ टक्के. दर हजार इम्प्रेशनमागे पैसे मोजले तर सीपीएम, दर क्लिकमागे मोजले तर सीपीसी. २००० मध्ये गूगलची अ‍ॅडवर्ड्स ही जाहिरात सेवा सुरू झाली ती सीपीएमवर. २००२ पासून क्लिकचा लिलाव, म्हणजे दर क्लिकला किती देणार याची बोली, आला आणि क्रम लावताना बोलीला सीटीआरने गुणलं जाऊ लागलं. एकाची बोली १० आणि सीटीआर १ टक्का, दुसऱ्याची बोली ६ आणि सीटीआर ३ टक्के, तर वर दुसरा. आज हिशोबात आणखी बरंच येतं, पण लोकांच्या उपयोगाची जाहिरात कमी पैशांतही वर जाऊ शकते, हे तत्त्व टिकून आहे.

क्लिकनंतर माणूस उतरतो ते लँडिंग पेज. त्याने तिथे खरेदी केली, नाव नोंदवलं, तर ते कन्व्हर्जन. हे मोजण्यासाठी त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची छोटी नोंद ठेवली जाते, आणि त्याचा माग किती साइट्सवर निघतो हे त्याला क्वचितच कळतं.

[दृश्य : सर्च कन्सोलचा आलेख. जांभळी रेघ चढते, निळी सपाट.]

जांभळी रेघ इम्प्रेशनची, निळी क्लिकची. पान दिसतंय, पण कुणी येत नाहीये. बऱ्याचदा उत्तर निकालांच्या पानावरच मिळून जातं, आधी ठळक चौकटीत आणि आता एआयने केलेल्या सारांशात. याला झीरो-क्लिक सर्च म्हणतात. हा आलेख गूगल सर्च कन्सोल या आपल्या साधनात फुकट दाखवतं. त्याची मालकी एजन्सीच्या नावावर न ठेवता साइटच्या मालकाने स्वतःच्या खात्यात ठेवावी, आणि करारात ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ दिसली तर सही करू नये. अशी हमी कुणालाच देता येत नाही, हे गूगलने आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलेलं आहे.