पुठ्ठ्याची रबरबँड गाडी: सगळी गंमत मागच्या काडीत

[हातात गाडी, कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी! ही गाडी. खोक्याचा पुठ्ठा, बांबूच्या काड्या, बॉलपेनच्या रिकाम्या नळ्या, एक रबरबँड आणि थोडा जाड दोरा. सेल नाही, मोटर नाही.

आता पुष्कळ जण काय करतात, रबर थेट मागच्या काडीला गाठ मारून बांधतात. गाडी सुटते, वीतभर जाते, रबर उलट्या बाजूने गुंडाळायला लागतं आणि गाडी थांबते, कधी चक्क मागे येते. म्हणून आपण गाठ मारणारच नाही. कशी, ते दाखवतो.

[टेबलावरून]

पुठ्ठा घ्या, २० सेंटिमीटर लांब, ८ रुंद. कापण्याआधी कडेने बघा, आत नागमोडी नळ्या दिसतील. त्या गाडीच्या लांबीच्या दिशेने धावल्या पाहिजेत. आडव्या ठेवल्यात तर रबराच्या ताणाने पुठ्ठा मधोमध दुमडणार.

मागच्या कडेला मध्ये ३ सेंटिमीटरची खाच कापा. खाचेच्या दोन्ही बाजूंना खालून पेनच्या नळीचा एकेक तुकडा चिकटवा आणि त्यातून काडी ओवा. काडी बोटाने फिरवली की गरगर फिरली पाहिजे. अडत असेल तर नळ्या एका रेषेत नाहीत. पुढे एकच अख्खी नळी चालेल.

चाकं कंपासने आखा, १० सेंटिमीटर व्यासाची. प्रत्येक चाकाला दोन चकत्या, एकीच्या नळ्या उभ्या, दुसरीच्या आडव्या, मध्ये फेविकॉल. भोक मात्र कर्कटकाच्या टोकाने अगदी मध्यावरच पाडा. जरा सरकलं तर गाडी लंगडते. चाक काडीला घट्ट चिकटलेलं हवं, फिरायचं ते काडीने नळीत. आणि कटर मोठ्यांच्या हातात, बरं का.

[क्लोजअप: मागची काडी]

आता मुख्य भाग. खाचेत दिसणाऱ्या काडीवर टूथपिकचा छोटा तुकडा उभा चिकटवा. हा आपला हूक. रबर पुढच्या कडेला चीर पाडून अडकवा, दुसऱ्या टोकाला दोरा बांधा आणि दोऱ्याच्या शेवटी सैल फासा करा. तो हुकात नुसता अडकवायचा. गाडी जमिनीवर दाबून मागे ओढा, दोरा काडीवर गुंडाळला जातो. सोडली की दोरा उलगडतो, शेवटी फासा हुकावरून आपोआप निसटतो आणि गाडी मोकळी धावत राहते.

[फळ्यावर]

थोडं गणित. काडी ३ मिलिमीटर जाड, म्हणजे एका फेऱ्यात जेमतेम एक सेंटिमीटर दोरा उलगडतो. त्याच फेऱ्यात १० सेंटिमीटरचं चाक ३१ सेंटिमीटर पुढे जातं. १० सेंटिमीटर दोरा गुंडाळलात तर गाडी नुसत्या रबराच्या जोरावर तीन मीटर जाते, पुढचं घरंगळणं वेगळं. पण फुकट काहीच मिळत नाही! अंतर ३३ पट, तर जमिनीला मिळणारा जोर ३३ पट कमी.

म्हणून गाडी जागची हललीच नाही तर दुसरं रबर लावण्याआधी काडीवर हुकापाशी कागदाची पट्टी गुंडाळून तिची जाडी दुप्पट करा. जोर दुप्पट, अंतर निम्मं. उलट चाकं जागच्या जागी गरगरली, तर जोर भरपूर आहे, पकड नाही. अशा वेळी फुग्याची गोल पट्टी कापून मागच्या चाकांवर टायरसारखी चढवा. गुळगुळीत फरशीवर तर ती हवीच.

रबराची ताकद कमी समजू नका. १८७१ साली पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनो यांनी पिळलेल्या रबरावर एक छोटं विमान ११ सेकंद उडवून दाखवलं होतं. आणि आपल्या पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रात, अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी करून किती पोरांना नादी लावलं, ते वेगळं सांगायला नको.

[पुन्हा कॅमेऱ्यासमोर, हातात रुंद रबर]

एक प्रयोग लगेच करता येईल. रुंद रबर झटकन ताणा आणि ताणलेलंच ओठाला लावा. कोमट लागतं. ताणूनच धरा, क्षणभर थांबा, मग सैल सोडून परत लावा. गार! ताणताना तुम्ही लावलेल्या जोरातला काही भाग असा उष्णता होऊन निसटतो, तो गाडीला मिळत नाही.

आणि गाडी गुंडाळलेली ठेवून झोपू नका. सकाळपर्यंत रबर ढिलं पडतं. गुंडाळा आणि लगेच सोडा.