‘हल्ली विसरायला होतं’

आशाताईंनो, समुपदेशक मैत्रिणींनो,

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, एक वाक्य वरचेवर कानावर येतं, “मॅडम, हल्ली विसरायला होतं.” आपण पटकन म्हणतो, “मावशी, वय झालं आता.” हे उत्तर मीही पुष्कळदा दिलंय. आता देत नाही. का, ते सांगते.

सरकारी मोफत एआरटी एप्रिल २००४ मध्ये सुरू झाली, आपल्या राज्यातही. तेव्हा तिशीत विधवा होऊन, कडेवर पोर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाया आज पन्नाशी ओलांडून गेल्यात. पोरं हाताशी येईपर्यंत टिकायचं, एवढंच तेव्हा डोळ्यांपुढे होतं. म्हातारपणाचा विचार त्यांनी केला नाही आणि आपणही केला नाही.

एका मावशींचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. डबीवरचं लेबल खरवडून त्या गोळ्या तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. सुनेला सांगितलेलं, बीपीच्या आहेत. गावातलं कोणी दिसू नये म्हणून नाव शेजारच्या जिल्ह्यातल्या सेंटरला. लपवायला केवढी स्मरणशक्ती लागते, बघा! कोणाला काय सांगितलं, पुढची तारीख कोणती, एसटीनं जायला कारण काय द्यायचं. अठरा वर्षं हा सगळा हिशोब त्यांनी डोक्यात सांभाळला. मग एका रात्री, गोळी घेतली की राहिली, हेच आठवेना. भीतीनं दुसरी घेतली. घरात विचारणार कोणाला?

एचआयव्हीचा विषाणू लागण झाल्यावर काही आठवड्यांतच मेंदूत पोचतो. चेतापेशींत तो सहसा शिरत नाही, मेंदूच्या राखणदार पेशींत बस्तान बसवतो. तिथून उठणारा दाह आजूबाजूच्या पेशींना जाचतो आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबला तरी पुरता विझत नाही. गोळ्यांमुळे पूर्वीसारखा गंभीर स्मृतिभ्रंश आता फार कमी दिसतो, पण सौम्य त्रास उरलाय. शब्द उशिरा सापडतो, दोन कामं एकदम जमत नाहीत, हात मंदावतो. जरा आठवण करून दिली की मात्र बऱ्याचदा आठवतं.

अमेरिकेत १९९३ साली फक्त बायकांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. लागण असलेल्या ज्या बायकांवर ताण जास्त, त्यांची ऐकलेले शब्द लक्षात ठेवण्याची ताकद अधिक घसरलेली, असं त्यात आढळलं. आपल्या मावशींच्या ताणाचं मी वेगळं काय सांगू? त्यात पाळी जाताना झोप मोडते, जीव घाबरतो. पिशवीबरोबर अंडाशयही काढलेलं असेल तर हे सगळं अकालीच आणि एकदम अंगावर येतं.

पण प्रत्येक विसरणं विषाणूच्या माथी मारू नका. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बीपी तपासायला पाठवा. ऐकू कमी येतंय का, मन खचलंय का, विचारा. ताप, डोकेदुखी आणि अचानक भ्रमिष्टासारखं बोलणं असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना. आणखी एक: एआरटीतली डोल्युटेग्राव्हिरची गोळी रिकाम्या पोटी कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. एकत्र घ्यायच्या तर जेवणाबरोबर, नाहीतर डोल्युटेग्राव्हिर दोन तास आधी.

मावशींचं बी-१२ फार कमी निघालं. इंजेक्शनांनी बराच फरक पडला, सगळा नाही. मग घरातल्या एकाच माणसाला सांगायचं का, यावर आम्ही तीन भेटी बोललो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं हा निर्णय त्यांचा आहे, परस्पर कोणाला सांगायचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी धाकट्या बहिणीचं नाव घेतलं. आता रोज रात्री आठला बहिणीचा फोन येतो, “जेवलीस का?” एवढंच विचारायला.

नेहमीच्या स्मृतिचाचणीत एक वाक्य लिहायला सांगतात. आपल्या कित्येक मावशींनी पाटी धरलेली नाही. म्हणून ही दुसरी चाचणी शिका, २००५ मध्ये युगांडा आणि अमेरिकेत पारखलेली. हिला अक्षर लागत नाही. हिच्यावरून निदान करायचं नाही, डॉक्टरांकडे कोणाला पाठवायचं ते कळतं. आधी चार शब्द सांगायचे, शेवटी ते परत विचारायचे. मधे पाच सेकंद अंगठा आणि तर्जनी भरभर उघडमीट. मग हाताचा क्रम. उजव्या हातानं कामं करणाऱ्यांनी डावा हात मांडीवर ठेवा. मूठ, पालथा तळवा, करंगळीची कड. पुन्हा मूठ. दहा सेकंद. हं, करा सुरू.