विषाणू संपतो तिथे माणूस सुरू होतो

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी)

रिपोर्ट सांगतो, रक्तात एचआयव्ही आढळला नाही. औषधं नियमित घेणाऱ्यासाठी ही आनंदाचीच बातमी. पण तीच औषधं थांबवली, की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांत परत हजर होतो. मग इतके दिवस होता कुठे?

१९९७ मध्ये याचा पत्ता लागला. जुन्या संसर्गांची आठवण जपणाऱ्या सीडी-४ पेशी (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वर्षानुवर्षं शांत पडून असतात. विषाणू स्वतःचा डीएनए त्यांच्या डीएनएत शिवतो आणि गप्प बसतो. औषधं नव्या पेशींना लागण होऊ देत नाहीत, पण या गप्प बसलेल्याला हात लावत नाहीत.

अशी, पुन्हा विषाणू सोडू शकणारी पेशी शांत पेशींमध्ये दहा लाखांत जेमतेम एक. बाहेरून ओळखू येईल अशी भरवशाची खूणही तिच्यावर नाही. राहिला एकच मार्ग: आतला डीएनए वाचणे.

(दृश्य: पडद्यावर सरकणारी डीएनएची अक्षरं)

माणसाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, तीन अब्ज अक्षरांचा, विषाणूचा सुमारे दहा हजार. पण विषाणूचं टोक ओळखीचं असतं. ते पकडून पुढे वाचत गेलं, की विषाणू संपून माणूस सुरू होतो तो सांधा सापडतो. घरचा पत्ताच म्हणा ना!

२००२ मध्ये दिसलं, की विषाणू वर्दळीच्या, चालू जनुकांत घुसणं पसंत करतो. पुढे संपूर्ण विषाणू वाचले गेले, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक मोडकेच निघाले. आणि हुबेहूब तोच सांधा अनेक पेशींत सापडला. म्हणजे पेशी दुभंगते, आणि विषाणूची प्रत तिच्यासोबत आयती वाढते.

सर्वांत बोलकं निरीक्षण २०२० चं. औषधांशिवाय विषाणूला आवरून धरणाऱ्या मोजक्या लोकांत धडधाकट विषाणू बरेचदा जनुकं नसलेल्या ओसाड भागात अडकलेले दिसले. वर्दळीतले बहुधा प्रतिकारशक्तीने आधीच टिपले असावेत.

(दृश्य: अंधारात एक हिरवी पेशी)

त्याला झोपवून ठेवतं कोण? प्रयोगशाळेत क्रिस्परने, म्हणजे जनुकं कापणाऱ्या तंत्राने, एकेका पेशीत एकेक जनुक बंद करतात. विषाणू जागा झाला, की पेशी हिरवी चमकते, अशी सोय आधीच केलेली असते. हिरव्या तेवढ्या वेचायच्या आणि कोणतं जनुक बंद होतं ते वाचायचं.

विषाणूला उठवणारी काही औषधं माणसांनाही देऊन झाली. तो उठला, पण विषाणू लपलेल्या पेशींचा साठा फारसा घटला नाही. उठलेल्याला मारणारं अजून कोणी हवं आहे.